खडू

तापातून उठले तेव्हा
अंगात बळ आलं, केस आले,
नाक तेवढं आलं नाही.
डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.
ही दुसरी दिवाळी.

शनिपाराच्या मागच्या गल्लीतून
एकोणीस वर्षं माझे बेसनाचे लाडू जातात.
गिऱ्हाईक म्हणतं, हाताला चव आहे.
हात कसला? नाकच होतं सगळं.

भाजणं जमतं अजून.
आधी कलथा चिखलात रुतल्यासारखा जड,
मग तूप सुटतं, कढईच्या कडेला बारीक सळसळ,
आणि एकाएकी कलथा हलका होऊन
पाण्यात फिरावा तसा फिरतो.
तिथे गॅस बंद.
कानाने भाजते मी, मनगटाने भाजते.

पण डब्यातलं पीठ आवाज करत नाही.

तापकिरांच्या गिरणीतून रवाळ दळून आणलेलं,
झाकणावर पट्टी: हरतालिकेच्या आदल्या दिवशी.
आत चार तमालपत्रं खोचलेली.
ओला चमचा कुणाला लावू दिला नाही.
तरी डबा ठेवला शेगडीशेजारी,
हाताशी असावा म्हणून,
आणि ऑक्टोबर तापला.

डोळ्यांना दिसतं ते पाहिलं.
चाळणीत जाळी नाही, आळी नाही,
पोरकिडा नाही, गुठळीसुद्धा नाही.
रंग जरा उतरलेला,
पण ट्यूबलाइटखाली मीही उतरलेलीच दिसते.
चिमूटभर जिभेवर ठेवलं.
कच्चं बेसन कडसर लागतंच थोडं.
हा कडूपणा त्याचा
की माझ्या सकाळच्या गोळीचा?

म्हणून पासलकरांच्या ऊर्जिताला हाक मारली.
इयत्ता तिसरी, तळमजला.
एका हुंगण्याला एक आवळासुपारी,
गणपतीपासून भाव दोनवर गेलाय.

तिने डोळे मिटून डब्यात तोंड घातलं.
पिवळं नाक घेऊन वर आली.
"खडू."
"कसले गं?"
"मेणाचे. पेटी उन्हात राहिली ना, की येतो तसा."

खवट म्हणाली असती तर मी वाद घातला असता.
खवट हा मोठ्यांचा शब्द, त्यात सरकायला जागा असते:
जरासंच आहे, भाजलं की जाईल,
वेलची चिमूटभर जास्त घालू.
खडूत कसली वेलची घालणार?

साडेतीन किलो.
त्यातलं वाटीभर तांब्याच्या घंगाळाला ठेवलं,
बाकी कचरावेचक बाईंच्या ओल्या बादलीत,
त्यांना सांगून, की खायचं नाही हे.

मग आपटीकरबाईंना फोन.
वसुबारसेचे लाडू एक दिवस उशिरा देते, पीठ गेलं.
"कळलं वाटतं या वेळी," त्या म्हणाल्या.
मी गप्प.
"मागच्या वर्षीच बोलणार होते हो.
म्हटलं, आजारातून उठल्यात, राहू दे."

मागच्या वर्षी पस्तीस घरं होती यादीत.
पस्तीस घरांत माझे लाडू
ताटलीत काढले, चाखले, झाकून ठेवले,
आणि या शहरात, जिथे पोहे खारट झाले
तर सांगायला माणूस जिना चढून येतो,
कुणी एक शब्द बोललं नाही.

बराच वेळ ओट्याला टेकून उभी होते.

दुसऱ्या दिवशी डाळ गच्चीवर पसरली,
दुपारी गिरणीत. तापकीर म्हणाला,
गव्हानंतर नाही, चक्की झाडून आधी तुमचं घेतो.
पीठ घरी आणलं ते कोमट होतं,
झोपेतून उठलेल्या पोराच्या पोटासारखं.
असं झाकायचं नसतं, आतून घाम धरतं.
परातीत पसरून पंखा बारीक लावला.

ऊर्जिता न बोलावता आली.
परातीवर वाकली, एकदा, परत एकदा.
काही बोलली नाही.
सुपारीही मागितली नाही.
तिसऱ्यांदा वाकली तेव्हा
मी तिला विचारलं नाही, कसला येतो.
शेजारी मांडी घातली
आणि तिच्यासारखे डोळे मिटले.